तोच प्रसंग पुन्हा : महाकथांतले दोष आणि माणसाची वाढ

कोल्हारचा प्रवरेवरचा पूल ओलांडला की तालुका बदलतो. अलीकडे कोल्हार बुद्रुक, तालुका राहाता. पलीकडे कोल्हार खुर्द, तालुका राहुरी. नगर-मनमाड रस्त्याने शिर्डीकडे धावणाऱ्या गाड्यांना हा बदल जाणवतही नाही. पण या पट्ट्यातल्या जुन्या माणसांना राहुरी म्हटलं की राहू आठवतो. समुद्रमंथनानंतर नेवाशाला मोहिनीने अमृत वाटलं, राहू वेश बदलून देवांच्या पंगतीत बसला, सूर्य-चंद्रांनी त्याला ओळखून सांगितलं आणि विष्णूचं चक्र सुटलं. शीर पडलं ती राहुरी, काया पडली ते कायगाव, असं लोक सांगतात. प्रवरेला अमृतवाहिनी म्हणतात ते याच कथेला धरून.

नदीच्या खालच्या अंगाला त्याच नेवाशात शके १२१२, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. हातातलं धनुष्य टाकून बसलेला एक योद्धा अठरा अध्यायांनंतर उठून उभा राहतो, एवढीच तिची कथा. एका नदीकाठी ही दोन टोकं आहेत. राहूला अमृत मिळालं, तो अमर झाला, पण बदलला नाही. अर्जुनाला अमृत मिळालं नाही, तो मरणारच होता, पण बदलला. अद्भुताच्या मोठ्या कथांमध्ये माणसाचा दोष आणि त्याची नैतिक वाढ यांचं नातं तपासायचं, तर मला या दोन टोकांहून चांगली मोजपट्टी सापडलेली नाही.

‘महाकथा’ हा शब्द इथे मी ढोबळ अर्थाने वापरतो. देव-दानव, शाप-वर, मंतरलेली शस्त्रं, पिढ्यान्‌पिढ्यांचा पल्ला आणि शेवटी सगळं जग पणाला लावणारं युद्ध, असं जिच्यात असतं ती महाकथा. टॉल्कीनची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ तशी आहे आणि महाभारताच्या आधाराने लिहिलेल्या मराठी कादंबऱ्याही तशाच आहेत. महाभारत हा इतिहास की काव्य, हा वाद मी इथे काढत नाही. कथा म्हणून ते कसं चालतं एवढंच पाहायचं आहे.

दोष म्हणजे नेमकं काय

चार गोष्टी आपण बोलताना एकात एक मिसळतो. चूक, दोष, जखम आणि शाप. चूक ही एका वेळची कृती असते. दोष हा स्वभावाचा उतार असतो; पाणी कुठूनही सोडा, ते तिकडेच वाहतं. जखम म्हणजे दुसऱ्याने केलेला अन्याय, ज्यात आपला वाटा नसतो. आणि शाप ही महाकथांची खास सोय आहे. आतल्या दोषाला तो बाहेरचं शरीर देतो.

शापाबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण अद्भुतकथा वास्तववादी कादंबरीपेक्षा वेगळी पडते ती इथेच. कर्ण परशुरामाकडे खोटं बोलून विद्या शिकला. शाप मिळाला तो नेमका त्या खोट्याच्या मापाचा : ऐन वेळी विद्या आठवणार नाही. युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा. अश्वत्थाम्याबद्दलचं अर्धसत्य तोंडातून निघताच तो खाली टेकला. उर्सुला ले ग्विन यांच्या ‘अ विझार्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) या कादंबरीत गेड हा तरुण जादूगार गर्वाच्या भरात एक सावली मोकळी सोडतो आणि पुढे ती सावलीच त्याच्या मागे लागते. घरगुती कादंबरीत गर्व हा गर्वच राहतो, लेखकाला तो सांगावा लागतो. इथे तो रथाच्या चाकात, सावलीत, अंगठीत दिसतो. म्हणून अद्भुत हे स्वभावाच्या अभ्यासाचं साधन आहे असं मी मानतो. त्याला पळवाट म्हणणाऱ्यांनी ते नीट वाचलेलं नसतं.

मराठीत छापील अद्भुताची सुरुवात मात्र अशी झाली नाही. हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि रिसबुडांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या कादंबऱ्यांत सज्जन पहिल्या पानापासून सज्जन आणि दुर्जन शेवटच्या पानापर्यंत दुर्जन. संकटं येतात, टळतात, माणसं जिथल्या तिथे राहतात. त्यांच्याकडून या विषयाला फारसं काही मिळत नाही. त्याच्या दीडशे वर्षं आधी, १७१२च्या सुमारास, श्रीधराने ‘पांडवप्रताप’ लिहिला तेव्हा माणसांमधला गुंता त्याच्या ओव्यांत शाबूत होता, कारण तो व्यासांकडून आलेला होता.

जखम आधी की अपराध आधी

श्रावणात आमच्या भागात पोथी लागते. एक जण ओवी वाचतो, दुसरा तिचा अर्थ सांगतो, समोर बायामाणसं बसलेली असतात. अशाच एका संध्याकाळी द्यूतसभेचा अध्याय चालला होता. कर्ण द्रौपदीला काय बोलला ते वाचून झालं. अर्थ सांगणाऱ्याने कर्णाची बाजू मांडायला घेतली : जन्मभर सूतपुत्र म्हणून हिणवलं, स्वयंवरात अपमान झाला, मग माणूस बोलणारच. पुढच्याच रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, “आपल्या पायात काटा मोडला म्हणून दुसऱ्याच्या वाटंवर काटे टाकायचे व्हय?”

या एका प्रश्नात सगळा विषय आला आहे. जखमेने दोष समजतो. पण तो माफ होतो का?

शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ साली आली. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण अशा सहा जणांच्या तोंडून ती सांगितली आहे, आणि त्यात सर्वांत जास्त बोलतो तो अर्थातच कर्ण. पुढे १९७३ साली रणजित देसाईंची ‘राधेय’ आली. या दोन पुस्तकांनी मराठी घराघरांत कर्ण नेला. ज्या समाजात जन्मावरून माणसाची पायरी ठरत आली, तिथे ‘तुझं कूळ कोणतं’ या प्रश्नाने भर आखाड्यात गप्प केलेल्या मुलाबद्दल वाचकाला कळवळा वाटला नसता तरच नवल. तो कळवळा खरा आहे आणि त्याची किंमत मी कमी करत नाही. कित्येकांना स्वतःच्या अपमानासाठी शब्द सापडले ते कर्णामुळे.

पण रचना पाहा. नायक स्वतःच बोलतो तेव्हा वाचक आधी त्याच्या जखमेत राहतो, पानंच्या पानं राहतो, आणि मग त्याच्या हातून घडलेल्या अपराधापाशी पोचतो. तोवर वाचक वकील झालेला असतो. व्यासांचा क्रम वेगळा आहे. कर्णाच्या जन्माचं रहस्य ते आदिपर्वातच सांगून टाकतात, पण शापांची करुण हकीकत सविस्तर येते ती कर्णपर्वात, जेव्हा कर्ण शल्याला स्वतःच ती सांगतो, आणि त्यानंतर शांतिपर्वात, नारदाच्या तोंडून, तेव्हा तर कर्ण मेलेला असतो. म्हणजे द्यूतसभेतला कर्ण आपण आधी उघड्या डोळ्यांनी पाहतो, निवाडा करतो, आणि मग आपल्याला त्याच्यासाठी रडायला लावलं जातं. निवाडाही राहतो आणि अश्रूही राहतात. जॉर्ज मार्टिन यांनी आपल्या मालिकेत हीच वाट धरली. पहिल्या खंडात (१९९६) जेमी लॅनिस्टर एका लहान मुलाला बुरुजावरून ढकलतो. त्याच्या मनात वाचकाला शिरता येतं ते तिसऱ्या खंडात (२०००), त्याचा तलवारीचा हात तुटतो त्या सुमारास. अपराध आधी आणि जखम मागून आली की दया आंधळी होत नाही.

१९६७ सालीच इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ आलं. कर्णावरच्या लेखाला त्यांनी ‘मी कोण?’ असं नाव दिलं आणि त्याला कुठेही सूट दिली नाही. एकाच वर्षी, एकाच भाषेत, एकाच माणसावर दोन उलटे निवाडे छापले गेले. वाचकांनी ‘मृत्युंजय’ला डोक्यावर घेतलं आणि ‘युगान्त’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार (१९६८) मिळाला. दुर्गा भागवतांचं ‘व्यासपर्व’ (१९६२) त्याही आधीचं. या दोन विदुषींनी व्यक्तिरेखा वाचायची जी शिस्त घालून दिली, ती पुढच्या कादंबरीकारांनी फारशी उचलली नाही याचं मला वाईट वाटतं.

वाढ ओळखायची कशी

आता कसोटी. पात्राला पश्चात्ताप झाला म्हणजे त्याची वाढ झाली, असं सहसा धरलं जातं. ते पुरेसं नाही. पश्चात्ताप ही ओळख आहे. वाढ तेव्हा दिसते, जेव्हा तोच प्रसंग पुन्हा समोर येतो आणि माणूस वेगळं वागतो. चांगल्या महाकथा म्हणूनच एक प्रसंग दोनदा रचतात, कधी वेश बदलून, कधी वर्षांच्या अंतराने.

कर्णाला ही कसोटी लावू. उद्योगपर्वात शिष्टाई फसल्यावर कृष्ण त्याला रथात घेतो, जन्माचं सत्य सांगतो, राज्य देऊ करतो. कर्ण ते नाकारतो, येणाऱ्या युद्धाला यज्ञाची उपमा देतो आणि त्या बोलण्याच्या ओघात एक कबुली देतो : दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून आपण पांडवांना कडू बोललो, त्या कर्माने आज आपण पोळतो आहोत. एका श्लोकाएवढी ही कबुली आहे. मला ती कर्णाच्या सगळ्या दानांपेक्षा मोठी वाटते. जखमेचा उल्लेखही न करता, ‘मला बोलायला भाग पाडलं’ असं न म्हणता, तो आपला दोष आपल्या नावावर घेतो. दोष कोणता, तर कडू जीभ आणि ती चालवण्यामागचं मिंधेपण.

मग तोच प्रसंग पुन्हा येतो. द्रोणपर्वात भीम निःशस्त्र होऊन कर्णाच्या तावडीत सापडतो. कुंतीला दिलेला शब्द कर्णाला आठवतो. अर्जुन सोडून इतर चौघांना मारणार नाही असं तो म्हणाला होता. तो भीमाला मारत नाही. धनुष्याच्या टोकाने नुसता स्पर्श करतो. इथवर केवढा उंच माणूस! आणि त्याच क्षणी तोंडातून शिव्या निघतात : दाढीमिशा नसलेला, मूढ, खादाड, रण हे तुझं काम नाही, रानात जा. हाताने शब्द पाळला, जिभेने जुनी वाट धरली. त्याआधी अभिमन्यू मारला गेला तेव्हा द्रोणाच्या सल्ल्याने त्या पोराचं धनुष्य तोडणारा बाणही कर्णाचाच होता. ज्या दोषाबद्दल कृष्णापाशी मन पोळल्याचं सांगितलं, तो दोष गेलेला नव्हता. ओळख झाली होती, वाढ अर्धी राहिली होती. मला व्यासांचा कर्ण प्रिय आहे तो याच अर्धेपणामुळे. त्याला निर्दोष करून दाखवलं की ही झुंजच पुसली जाते.

टॉल्कीनचा बोरोमिर इथे ताडून पाहण्यासारखा आहे. अंगठीच्या मोहात तो, ती वाहून नेणाऱ्या फ्रोडोवर, हात टाकतो, भानावर येतो, दोन लहानग्या सोबत्यांना वाचवताना बाणांनी विंधला जातो आणि ॲरागॉर्नपाशी कबुली देऊन प्राण सोडतो. सुंदर आहे, पण सोपं आहे. कबुलीनंतर त्याला जगावं लागत नाही. कर्णाला कबुलीनंतर युद्धाचे सतरा दिवस जगायचे होते, आणि जुनी सवय रोज दारात उभी होती.

दुसरं उदाहरण असं आहे की त्याच्याकडे कादंबरीकारांचं लक्ष कमीच गेलं. युधिष्ठिर. द्यूत हा त्याचा दोष, आणि तोच प्रसंग पुन्हा येतो तेव्हा तो सपशेल हरतो : धृतराष्ट्राने सगळं परत दिल्यावर, बायकोची विटंबना डोळ्यांदेखत झालेली असताना, तो दुसऱ्यांदा खेळायला बसतो. इथे पुस्तक मिटलं तर निकाल स्वच्छ आहे. पण पहिल्या डावातला एक बारकावा पाहा. धन संपल्यावर युधिष्ठिर भावांना पणाला लावतो आणि सुरुवात नकुलापासून करतो. मग सहदेव. तेव्हा शकुनी टोमणा मारतो की माद्रीचे मुलगे तर गेले, भीम-अर्जुन तुला अधिक मोलाचे दिसतात. टोमणा वर्मी लागतो, कारण त्यात तथ्य आहे. सावत्र भाऊ आधी लावले गेले.

बारा वर्षांच्या वनवासाच्या शेवटी यक्षाच्या तळ्याकाठी चारही भाऊ मरून पडलेले आहेत. यक्ष म्हणतो, एकाला उठवतो, कोणाला उठवू? युद्ध समोर आहे. भीमाच्या बळाची गरज आहे, अर्जुनाच्या धनुष्याची गरज आहे. युधिष्ठिर नकुलाला मागतो. कारणही सांगतो : कुंतीचा एक मुलगा मी जिवंत आहे, माद्रीचाही एक जगू दे. जो सर्वांत आधी पणाला लागला, तोच सर्वांत आधी परत मागितला गेला. शकुनीच्या टोमण्याला हे उत्तर आहे, आणि ते कोणी पाहत नसताना, फायद्याच्या विरुद्ध जाऊन दिलेलं आहे. व्यास इथे एका शब्दानेही द्यूताची आठवण करून देत नाहीत. वाचकाने ती स्वतः जोडायची. पुढे स्वर्गाच्या दाराशी तो कुत्र्याला सोडत नाही आणि नरकात आपली माणसं दिसल्यावर तिथून हलत नाही, ते याच वळणाचं पुढचं टोक आहे.

ययातीबद्दल थोडक्यात. महाभारतातला ययाती पुरूचं तारुण्य हजार वर्षं भोगून मग उमगतो. खांडेकरांनी ‘ययाति’त (१९५९) हा अवधी फार आखूड केला आणि ययातीला, देवयानीला, शर्मिष्ठेला आपापल्या तोंडाने बोलायला लावलं. तीन आवाज असल्यामुळे ययातीची बाजू वाचकाला एकटीने गिळत नाही. त्याने दुखावलेल्या बायकाही तिथे बोलायला हजर असतात. ‘मृत्युंजय’मध्ये वृषाली बोलते, कुंती बोलते, पण सभेत जिला ओढून आणलं, त्या द्रौपदीला स्वतःचा भाग नाही. त्या कादंबरीबद्दलची माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे.

दुसऱ्याचा हात

वाढ एकट्याच्या बळावर होते का? टॉल्कीनचं उत्तर ‘नाही’ असं आहे. डोंगराच्या कड्यावर फ्रोडो हरतो, अंगठी माझी म्हणतो. जग वाचतं ते, तीच अंगठी हिसकावून खाली पडणाऱ्या गॉलमला पूर्वी कधीतरी जिवंत सोडलं होतं म्हणून. पण त्याच कथेत त्याआधी एक क्षण आहे. झोपलेल्या फ्रोडोच्या गुडघ्याला गॉलम हलकेच हात लावतो, त्याच्या मनात काहीतरी वळत असतं, आणि तेवढ्यात जागा झालेला फ्रोडोचा सोबती सॅम त्याच्यावर खेकसतो. क्षण निघून जातो. सॅम हा त्या कथेतला सर्वांत भला माणूस आहे. भल्या माणसाच्या एका कडू शब्दाने दुसऱ्याची वाढ खुंटली.

कर्णाला आयुष्यात पहिला हात दिला तो दुर्योधनाने, अंगदेशाचं राज्य देऊन. तो हात नंतर बेडी झाला. कुंती आली ती युद्धाच्या तोंडावर, आणि तीही स्वतःची गरज घेऊन. अन्याय करणाऱ्यांचा हिशेब इथे मांडायलाच हवा. पोथीतल्या त्या बाईंचा प्रश्न कर्णाला जितका लागू, तितकाच आखाड्यात त्याचं कूळ विचारणाऱ्यांनाही लागू.

आणि राहू? त्याच्यावरही अन्याय झालाच. मंथनाची दोरी दैत्यांनीही ओढली होती आणि पंगत मात्र एकाच बाजूची वाढली गेली. त्याने जखम जपली, सूर्य-चंद्रांवरचा राग जपला, आणि अमृतामुळे तो राग अमर झाला. ग्रहण सुटतं आणि पुन्हा लागतं. त्याला प्रसंग पुन्हापुन्हा मिळतो आणि तो दर वेळी तेच करतो.

त्याच नदीकाठी दुसरा एक मुलगा आला, त्यालाही जन्मावरून पंगतीबाहेर ठेवलं होतं. संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेल्या त्या भावंडांपैकी एकाने, वयाच्या पंधराव्या वर्षी, नेवाशात नऊ हजारांच्या आसपास ओव्या सांगून झाल्यावर देवापाशी मागणं मागितलं. त्यात स्वतःच्या जखमेचा उल्लेख नाही. दुष्टांचा नाश व्हावा असंही नाही. त्यांच्यातलं वाकडेपण तेवढं जावं, असं आहे. माणूस राहू द्यायचा आणि दोष काढायचा. कोणत्याही महाकथाकाराने पात्राकडे कसं पाहावं याचा याहून नेमका नियम मला माहीत नाही, आणि तो कोल्हारच्या पुलाखालून वाहणाऱ्या पाण्याच्या काठी सांगितला गेला आहे.

आज लोणी-कोल्हारची कॉलेजातली मुलं मोबाइलवर ड्रॅगनच्या मालिका पाहतात आणि त्यांतली काही स्वतःही अद्भुतकथा लिहू पाहतात. त्यांना माझं एकच सांगणं आहे. कर्णावर लिहायचं असेल तर उद्योगपर्वातली ती एका श्लोकाची कबुली आणि द्रोणपर्वातली भीमाला दिलेली शिवी ही दोन्ही पानं समोर उघडी ठेवून लिहा. आणि जमलं तर युधिष्ठिरावर लिहा. नकुलाला पणाला लावण्यापासून नकुलाला परत मागण्यापर्यंतची बारा वर्षं मराठी कादंबरीत मनाजोगी उतरलेली मला अजून वाचायला मिळालेली नाहीत.